गाणे आमचे, वही कोणाची?
हिप-हॉप कलावंतांच्या इतिहासावरून एक अभ्यासपाठ

आपल्या वस्त्यांतील मुले आज मोबाइलवर रॅप ऐकतात, स्वतः रचतात आणि जयंतीच्या मंचावर म्हणूनही दाखवतात. वडीलधाऱ्या मंडळींना तो नुसता गोंगाट वाटतो. आमच्या मते हा गोंगाट समजून घेण्यासारखा आहे. ज्या गरीब व तुच्छ लेखलेल्या माणसांनी ही कला घडविली, त्यांची कहाणी आपल्या शाहीर-गायकांच्या कहाणीशी अनेक ठिकाणी जुळते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही तीन प्रश्न समोर ठेवले आहेत. ही कला कोणी निर्माण केली? तिचा पैसा कोणाकडे गेला? आणि आपल्या कलेची मालकी मिळविण्यासाठी त्या कलावंतांनी काय केले?

आपला संबंध

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांशी आपले नाते जुने आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात शिकले. हे विद्यापीठ हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या प्रसिद्ध वस्तीला लागून आहे. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी थोर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाविषयी विचारणा केली होती. १९६६ साली अमेरिकेत ब्लॅक पँथर पक्ष निघाला आणि त्याच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला. हिप-हॉप या संबंधातून जन्मले, असे मात्र कोणी समजू नये. ते तिथल्याच मातीतले आहे. दुःख सारखे असल्यामुळे त्यातून मिळणारा धडा मात्र आपल्याही उपयोगाचा आहे.

लाल रेषेआडची वस्ती

हार्लेम नदीच्या पलीकडे न्यूयॉर्क शहराचा ब्राँक्स हा भाग आहे. हिप-हॉपचा जन्म तेथे झाला. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या एका गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे तयार केले आणि कर्ज देण्यास कोणता भाग सुरक्षित व कोणता धोक्याचा हे रंगांनी दाखविले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुधा लाल रंगात गेल्या. अशा भागांत घरदुरुस्तीला किंवा घरखरेदीला कर्ज मिळणे दुरापास्त झाले. गावकुसाबाहेर राहणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. तिथले गावकूस दगडामातीचे नव्हते, ते नकाशावरच्या लाल शाईचे होते.

पुढे रॉबर्ट मोझेस या अधिकाऱ्याच्या योजनेतून १९४८ पासून ब्राँक्सच्या पोटातून एक मोठा महामार्ग काढण्यात आला. त्यात हजारो कुटुंबे उठविली गेली. ज्यांना शक्य होते ते निघून गेले आणि मागे गरीब कृष्णवर्णीय व पोर्तो रिकोहून आलेली कुटुंबे राहिली. १९७० च्या दशकात तेथे आगींचे सत्र सुरू झाले. काही घरमालकांनी विम्याच्या पैशासाठी आपल्याच इमारती पेटविल्या, तर काटकसरीच्या नावाखाली नगर प्रशासनाने अग्निशमन केंद्रे बंद केली. १९७० ते १९८० या दहा वर्षांत ब्राँक्समधील सात जनगणना विभागांतील ९७ टक्क्यांहून अधिक इमारती आगीने वा ओसाड पडून नष्ट झाल्या. शाळांतून संगीताचे शिक्षण आटले. तरुणांच्या टोळ्या वाढल्या.

वैर थांबले तेव्हा

अशा वस्तीत कला फुलावी कशी? त्याआधी एक महत्त्वाची गोष्ट घडावी लागली. ‘घेटो ब्रदर्स’ या टोळीने कॉर्नेल बेंजामिन या तरुणाला शांतिदूताचे काम दिले होते. २ डिसेंबर १९७१ रोजी दोन टोळ्यांचे भांडण सोडविण्यास तो गेला असता त्याचीच हत्या झाली. सारा ब्राँक्स सूडाची वाट पाहू लागला. परंतु त्याच्या सहकाऱ्यांनी सूड घेतला नाही. शांततेसाठी गेलेल्या माणसाच्या नावाने रक्त सांडायचे नाही, असे त्यांनी ठरविले. ८ डिसेंबर १९७१ रोजी हो ॲव्हेन्यू येथील मुलांच्या क्लबात अनेक टोळ्यांची बैठक होऊन तह झाला.

वैराविषयी तथागतांनी दिलेली शिकवण त्या मुलांनी वाचलेली नव्हती. आचरणात मात्र तीच उतरली. तह पूर्णपणे पाळला गेला असे नाही, तरी एका हद्दीतील मुले दुसऱ्या हद्दीत नाचगाण्यासाठी जाऊ लागली. ही वाट मोकळी झाली नसती, तर पुढचा इतिहास घडणे कठीण होते.

पंचवीस सेंटचे तिकीट

११ ऑगस्ट १९७३ हा दिवस हिप-हॉपचा जन्मदिवस मानतात. सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल ही मुलगी राहत होती. शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे घ्यावेत, पण पैसे नाहीत, अशी तिची अडचण होती. तिने इमारतीचा कार्यक्रम-कक्ष भाड्याने घेतला, हाताने लिहून निमंत्रणपत्रिका वाटल्या आणि तिकीट ठेवले मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. गाणी वाजविण्याचे काम तिने आपला अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह याच्यावर सोपविले. हे कुटुंब जमैकाहून आलेले. तिकडे रस्त्यावर मोठमोठे ध्वनिवर्धक लावून गाणी वाजविण्याची रीत होती, ती क्लाइव्हने पाहिलेली होती. पुढे तो ‘डीजे कूल हर्क’ या नावाने प्रसिद्ध झाला.

हर्कने काय केले? गाण्याच्या मधोमध गायन थांबून नुसता ताल वाजतो, त्या तुकड्यावर मुले सर्वांत जोमाने नाचतात, हे त्याने हेरले. तो तुकडा काही क्षणांतच संपतो. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन रेकॉर्ड प्लेअरवर ठेवून, एकीवरचा तुकडा संपताच दुसरीवरचा सुरू करून, ताल हवा तितका लांबविला. पुढे ग्रँडमास्टर फ्लॅश या तरुणाने हे तंत्र अधिक अचूक केले. तो व्यवसाय-शाळेत विद्युत उपकरणांचे शिक्षण घेत होता. पुढची तबकडी कानाला आधी ऐकू यावी यासाठी त्याने स्वतःच खटका जोडून घेतला. वाद्य घेण्यास पैसे नव्हते, म्हणून वाजविण्याचे यंत्रच वाद्य झाले. तालावर यमके जुळवून बोलणारे रॅपर, जमिनीवर नाचणारे नर्तक आणि भिंती रंगविणारे चित्रकार मिळून या संस्कृतीची चार अंगे तयार झाली.

येथे एक बाब विद्यार्थ्यांनी टिपून ठेवावी. हर्कचे नाव जगाला माहीत आहे. पण जागा, निमंत्रण, तिकीट आणि जमाखर्च सिंडीने पाहिला. कलावंत आणि व्यवस्था पाहणारा अशी दोन माणसे होती, तेव्हा तो कार्यक्रम झाला. आपले जलसेही याच रीतीने चालले. नाशिकचे भीमराव कर्डक यांनी जलसा उभा केला तो केवळ आवाजाच्या बळावर नव्हे. मंडळी जमविणे, गावोगावी जाणे, मुक्काम करणे ही सारी व्यवस्था त्यामागे होती.

कवितांची वही हातची गेली

सहा वर्षे ही कला केवळ वस्तीत होती. १९७९ साली न्यू जर्सी राज्यातील सिल्व्हिया रॉबिन्सन या कृष्णवर्णीय गायिका-उद्योजिकेने तीन तरुण गोळा करून ‘रॅपर्स डिलाइट’ ही ध्वनिमुद्रिका काढली. अमेरिकेतील पहिल्या चाळीस लोकप्रिय गाण्यांत पोहोचलेले हे पहिले रॅप गाणे. सिल्व्हियाबाईंची दूरदृष्टी मान्य केलीच पाहिजे. मोठ्या कंपन्यांना या कलेत काही दिसत नसताना त्यांनी तिच्यावर पैसा लावला.

परंतु त्या गाण्याची दुसरी बाजूही आहे. तिघांपैकी एक तरुण पिझ्झाच्या दुकानात काम करीत होता आणि ब्राँक्समधील ग्रँडमास्टर कॅझ या रॅपरच्या कार्यक्रमांची व्यवस्था पाहत होता. तो स्वतः रचनाकार नव्हता. त्याने कॅझकडे ओळी मागितल्या. कॅझने मैत्रीखातर आपली कवितांची वही त्याच्यापुढे टाकली. त्या तरुणाने ओळी जशाच्या तशा म्हटल्या, इतक्या की कॅझच्या टोपणनावाचे एकेक अक्षरही गाण्यात तसेच राहिले. गाणे जगभर गेले. कॅझला श्रेय मिळाले नाही आणि पैसाही मिळाला नाही. याउलट, ज्या गाण्याची चाल खाली वापरली होती त्याच्या संगीतकारांनी कायद्याचा इशारा देताच त्यांची नावे लेखक म्हणून लागली. दोघांत फरक कोणता? चालीचे कागद होते, वहीचे नव्हते.

आणखी एक गोष्ट. येथे घेणारा आणि गमावणारा दोघेही एकाच समाजाचे होते. पुढे फ्लॅश यांनीही याच कंपनीविरुद्ध न्यायालयात दावा लावला. तेव्हा शोषण नेहमी परकाच करतो, ही समजूत सोडून द्यावी. आपल्या माणसाशी व्यवहार करतानाही कागद हवा. कागद म्हणजे अविश्वास नव्हे. उलट कागदामुळेच विश्वास टिकतो.

उचल म्हणजे काय?

१९९४ साली टी.एल.सी. या तीन तरुणींच्या गटाची एक ध्वनिमुद्रिका निघाली आणि तिच्या लक्षावधी प्रती खपल्या. तरीही १९९५ साली या तिघींनी दिवाळखोरीचा अर्ज केला. हे कसे घडते? बँकेत रोज खातेवही उघडणाऱ्या आम्हांस यात गूढ वाटत नाही. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला जाणाऱ्या मजुराला मुकादम उचल देतो, तसाच हा प्रकार आहे.

समजा, कंपनीने गायकाला २ लाख रुपये उचल दिली. मुद्रण व चित्रीकरण यावर ३ लाख खर्च केले. करारात लिहिले की, हे ५ लाख गायकाच्या वाट्यातून वळते करावयाचे. प्रतीची किंमत १०० रुपये आणि गायकाचा वाटा १० टक्के, म्हणजे १० रुपये. आता ५ लाख फिटण्यासाठी ५०,००० प्रती खपाव्या लागतात. तोवर ५० लाखांची विक्री झालेली असते. त्यातून दुकानदाराचा आणि छपाईचा खर्च वजा जाता बाकी सारे कंपनीचे, आणि गायकाच्या हाती सुरुवातीच्या २ लाखांपलीकडे दमडी नाही. उचल फिटल्यावरही मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीकडेच राहते. गृहकर्ज फिटले की घर आपले होते. येथे मात्र कर्ज कलावंताने फेडायचे आणि घर सावकाराचेच राहायचे, असा व्यवहार असतो.

मालकीकडे वाटचाल

हा अनुभव पदरी पडल्यावर पुढची पिढी शहाणी झाली. न्यू ऑर्लिन्सच्या गरीब वस्तीत वाढलेले पर्सी मिलर ऊर्फ मास्टर पी यांना आजोबांच्या पश्चात १०,००० डॉलर मिळाले. त्यातून १९९० साली त्यांनी कॅलिफोर्नियात रेकॉर्डचे दुकान टाकले आणि गिऱ्हाईक काय मागते ते काउंटरवर उभे राहून शिकले. १९९६ साली एका कंपनीशी करार करताना त्यांनी केवळ वितरणाचे काम तिला दिले. उत्पन्नाचे ८५ टक्के आणि मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी स्वतःकडे ठेवली. मोठी उचल मागितली नाही, म्हणून मालकी टिकली.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात डेमंड जॉन यांनी मित्रांसह १९९२ साली ‘फुबु’ हा कपड्यांचा उद्योग सुरू केला. या नावाच्या इंग्रजी अक्षरांचा अर्थ ‘आमच्यासाठी, आमच्याकडून’. आरंभ घरी शिवलेल्या टोप्या विकण्याने झाला. मागणी वाढली, तेव्हा त्यांच्या मातोश्रींनी घर गहाण ठेवून १ लाख डॉलर उभे केले आणि त्याच घरात शिलाई यंत्रे बसविली. घर गहाण ठेवा, असा सल्ला आम्ही कोणासही देणार नाही. पण गरीब माणसाला तारण म्हणून दाखवायला घराशिवाय काहीच नसते, हे सत्य या उदाहरणातून दिसते.

तिसरे उदाहरण हार्लेममधील डॅपर डॅन या शिंप्याचे. १९८२ साली त्यांनी १२५ व्या रस्त्यावर दुकान उघडले. युरोपातील बड्या फॅशन कंपन्यांची चिन्हे वापरून ते रॅपर व खेळाडूंसाठी त्या कंपन्यांनी कधी न केलेले कपडे शिवीत. चिन्हांच्या अनधिकृत वापरावरून छापे पडले, दावे झाले आणि १९९२ साली दुकान बंद झाले. पुढे २०१७ साली गुची या इटालियन कंपनीने त्यांच्याच जुन्या जाकिटासारखे जाकीट आपले म्हणून सादर केले. लोकांनी जाब विचारला. मग कंपनीने त्यांना भागीदारीत घेतले आणि २०१८ साली हार्लेममध्ये त्यांची कार्यशाळा पुन्हा उघडली. परवानगीवाचून दुसऱ्याचे चिन्ह वापरणे कायद्यात बसत नाही, हे खरेच. परंतु शिंप्याने घेतले तर चोरी आणि कंपनीने घेतले तर प्रेरणा, असा दुटप्पी न्याय येथे दिसला. तो लोकांच्या आवाजाने काही अंशी मोडला.

सम्यक आजीविकेची कसोटी

एवढे वाचून ‘पैसा मिळविला म्हणजे मुक्ती झाली’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. हिप-हॉपमध्ये शस्त्रे, अमली पदार्थ आणि स्त्रियांची अवहेलना यांचे गोडवे गाणारी गाणीही पुष्कळ निघाली आणि तीच जास्त खपविली गेली. भगवान बुद्धांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली आणि शस्त्र, मादक पदार्थ, विष यांचा व्यापार उपासकाला वर्ज्य ठरविला. ज्या गाण्याने या गोष्टींना बाजार मिळतो, त्या गाण्याचाही विचार याच कसोटीवर व्हावा. या प्रवाहाला आतूनच विरोधही झाला. क्वीन लतिफा यांनी १९९३ साली स्त्रियांना शिवीने संबोधणाऱ्यांना खडसावणारे गाणे काढले आणि त्यास १९९५ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. केंड्रिक लामार यांच्या रॅप अल्बमला २०१८ साली पुलित्झर पुरस्कार मिळाला. गंभीर आशयालाही मान मिळतो, हे यावरून दिसते.

आपल्याकडील स्थिती

मुंबईत कुर्ला, अंधेरी येथील वस्त्यांतून नेझी व डिव्हाइन हे रॅपर पुढे आले. त्यांच्या जीवनावरून प्रेरणा घेतलेला ‘गली बॉय’ हा चित्रपट २०१९ साली आला. तामिळनाडूत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ हे गायकपथक उभे राहिले. त्यातील आंबेडकरी विचारांचे कवी-रॅपर अरिवु यांनी २०२१ साली गाजलेले ‘एन्जॉय एन्जामी’ हे गाणे लिहिले व गायिले. त्याच वर्षी संगीताच्या एका नियतकालिकाने मुखपृष्ठ काढले. त्यावर या गाण्याच्या गायिकेचा फोटो होता, अरिवु नव्हते. टीका झाल्यावर त्यांचे वेगळे मुखपृष्ठ निघाले. म्हणजे १९७९ साली कॅझच्या बाबतीत उभा राहिलेला श्रेयाचा प्रश्न अजून संपलेला नाही.

आता आपल्या अंगणात पाहू. वामनदादा कर्डक यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून गाणी रचली. ती आज प्रत्येक जयंतीला गायिली जातात. पण गाणारा ‘रचना वामनदादांची’ असे प्रत्येक वेळी सांगतो का? कॅसेटच्या काळात दीक्षाभूमीवर व चैत्यभूमीवर भीमगीतांच्या कॅसेटचे ढीग लागत. त्यांतील अनेक कवी-गायकांना एकदाच मानधन मिळे आणि पुढच्या विक्रीशी त्यांचा संबंध उरत नसे. वामनदादांचे परिनिर्वाण २००४ साली झाले. कॉपीराइट कायद्याच्या साधारण नियमाप्रमाणे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांवरील हक्क मृत्यूनंतर ६० वर्षे, म्हणजे त्यांच्या बाबतीत २०६४ अखेरपर्यंत राहतो. अण्णा भाऊ साठे यांचे निधन १९६९ सालचे, म्हणून त्यांच्या बाबतीत २०२९ अखेरपर्यंत. हे आकडे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

विद्यार्थी कलावंतांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. गीत रचून लिहिले वा ध्वनिमुद्रित केले की कॉपीराइट आपोआप मिळतो. नोंदणी सक्तीची नाही, पण पुरावा म्हणून उपयोगी पडते. प्रत्येक रचना तारखेसह वहीत लिहावी व एक प्रत सुरक्षित ठेवावी.

२. हक्क हस्तांतरण लेखीच असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच धरतात. ‘कायमचे’ व ‘जगभर’ हे शब्द दिसले की सही करण्यापूर्वी थांबावे.

३. २०१२ सालच्या दुरुस्तीनुसार गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीतील समान वाट्याचा हक्क कंपनीला लिहून घेता येत नाही. रॉयल्टी गोळा करण्यासाठी १९६९ साली स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आहे. तिचे सभासदत्व गीतकार व संगीतकारांना घेता येते.

४. हक्क विकला तरी ‘ही रचना माझी आहे’ असे सांगण्याचा लेखकाचा अधिकार कायद्याने अबाधित राहतो.

५. उचल घेण्यापूर्वी ती कोणाच्या वाट्यातून व कशी वळती होणार, हे लिहून घ्यावे. हिशोब तपासण्याचा अधिकारही करारात मागावा.

संस्थांनाही आमची एक विनंती आहे. जयंतीच्या कार्यक्रमात म्हटलेल्या प्रत्येक गीताच्या कवीचे नाव मंचावरून सांगावे व कार्यक्रमाच्या नोंदवहीत लिहावे. समाजातील वकील व वाणिज्य शाखेच्या पदवीधरांनी महिन्यातून एक रविवार विहारात बसून तरुण कलावंतांचे करार वाचून द्यावेत. याला खर्च काहीच नाही.

बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, तो १९२३ साली. अर्थव्यवहार हा इतरांचा विषय, असे त्यांनी कधी मानले नाही. आपल्या मुलांनी रॅप जरूर करावा. डफ वाजविणाऱ्यांच्या नातवंडांना ताल शिकविण्याची गरज नाही. त्यांना शिकवायचा आहे तो हिशोब.

अभ्यासमंडळासाठी प्रश्न

१. लाल रेषेचे नकाशे आणि गावकूस यांत साम्य कोणते, भेद कोणता?
२. कॅझने वही देण्यापूर्वी कोणता साधा कागद करावयास हवा होता? तो आपण लिहून पाहा.
३. उचल ३ लाख, इतर खर्च ५ लाख, प्रत १२० रुपये आणि वाटा १० टक्के असल्यास किती प्रती खपेपर्यंत गायकाला पुढचे पैसे मिळणार नाहीत?
४. आपल्या वस्तीत म्हटल्या जाणाऱ्या दहा भीमगीतांच्या कवींची नावे शोधून काढा. जी सापडणार नाहीत, त्यांसाठी वडीलधाऱ्यांना विचारा.

जयभीम!